प्रकाशमापक उपकरणांची रचना : तत्त्वे, मर्यादा आणि आकड्याची विश्वासार्हता

सारांश

दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश मोजणे ही वरवर सोपी वाटणारी, परंतु प्रत्यक्षात अनेक अंगांनी अवघड अशी प्रक्रिया आहे. प्रकाशाचे विद्युतप्रवाहात रूपांतर करणारा संवेदक आज स्वस्तात उपलब्ध आहे. मात्र केवळ संवेदक म्हणजे प्रकाशमापी नव्हे. रंग, दिशा, अंतर, तापमान आणि खुद्द उपकरणाची उपस्थिती यांमुळे मापनात शिरणाऱ्या चुका एकेक करून रोखणे हेच प्रकाशमापीच्या रचनेचे खरे कार्य होय. प्रस्तुत लेखात लक्समीटर, समाकलक गोल, गोनिओफोटोमीटर व स्पेक्ट्रोरेडिओमीटर या उपकरणांच्या रचनेमागील तत्त्वे उदाहरणांसह स्पष्ट केली असून दिव्याच्या वेष्टनावरील आकडा कितपत विश्वासार्ह मानावा, या प्रश्नाचा विचार केला आहे.

बीजशब्द : प्रकाशमापन, ल्युमेन, लक्समीटर, समाकलक गोल, एलईडी दिवे, मापनातील अनिश्चितता

१. प्रस्तावना

एलईडी दिव्याच्या वेष्टनावर प्रामुख्याने दोन आकडे आढळतात : वॅट आणि ल्युमेन. दिवा किती वीज घेतो हे वॅटवरून कळते, तर तो किती प्रकाश देतो हे ल्युमेनवरून. यांपैकी पहिला आकडा साध्या विद्युतमापकाने पडताळून पाहता येतो. दुसऱ्या आकड्याच्या बाबतीत ग्राहकाजवळ असे कोणतेही साधन नसते. त्याचा स्वतःचा डोळाही येथे उपयोगी पडत नाही. पौर्णिमेच्या चांदण्यात जमिनीवर लक्सच्या काही दशांशांइतका प्रकाश असतो, तर भर दुपारच्या उन्हात तो सुमारे एक लाख लक्सपर्यंत पोहोचतो. या दोन्ही टोकांशी डोळा सहज जुळवून घेतो. जुळवून घेण्याची ही क्षमता जगण्यासाठी वरदान असली तरी मोजण्यासाठी अडचणच ठरते. शेजारी शेजारी ठेवलेले दोन पृष्ठभाग सारखे उजळ आहेत की नाहीत, एवढेच डोळा अचूक सांगू शकतो. ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर त्याला देता येत नाही.

भारतात हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहिलेला नाही. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेखाली ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकन योजनेत एलईडी दिव्याला किती तारे मिळावेत, हे ल्युमेन प्रति वॅट या गुणोत्तरावर अवलंबून असते. म्हणजेच ग्राहकाचा पैसा, उत्पादकाची प्रतिष्ठा आणि वीजबचतीचा हिशेब हे सारे एका अशा आकड्यावर उभे आहे, जो सामान्य माणूस स्वतः तपासू शकत नाही. तो आकडा निर्माण करणारे उपकरण कसे घडते, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

२. मापनाचा विषय : प्रकाश आणि प्रमाणित डोळा

प्रकाशमापनात चार राशी महत्त्वाच्या आहेत. स्रोतातून सर्व दिशांना दर सेकंदाला बाहेर पडणाऱ्या दृश्य प्रकाशास प्रकाशप्रवाह म्हणतात व तो ल्युमेनमध्ये मोजतात. विशिष्ट दिशेने, एकक घन कोनात जाणारा प्रवाह म्हणजे प्रकाशतीव्रता. तिचे एकक कँडेला. पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर पडणारा प्रवाह म्हणजे प्रदीपन. त्याचे एकक लक्स. चौथी राशी म्हणजे पाहणाऱ्याच्या दिशेने पृष्ठभाग किती उजळ आहे हे सांगणारी दीप्ती. बागेतील फवाऱ्याची उपमा घेतल्यास, फवाऱ्यातून एकूण किती पाणी बाहेर पडते, ते कोणत्या दिशेने किती जोराने जाते आणि एखाद्या वाफ्यावर किती पडते, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ९०० ल्युमेनचा एखादा दिवा सर्व दिशांना समान प्रकाश देतो असे मानल्यास त्याची तीव्रता सुमारे ७२ कँडेला येईल आणि दोन मीटर अंतरावर प्रदीपन १८ लक्स असेल. तोच प्रवाह अरुंद शलाकेत एकवटला तर त्याच अंतरावरील प्रदीपन कित्येक पटींनी वाढेल, मात्र एकूण ल्युमेन बदलणार नाहीत. ‘हा दिवा जास्त उजेड देतो’ या नेहमीच्या विधानात या राशींची गल्लत झालेली असते.

या सर्व राशींचे वैशिष्ट्य असे की त्या निव्वळ भौतिक नाहीत. त्यांच्या व्याख्येतच मानवी डोळा अंतर्भूत आहे. समान ऊर्जेचा हिरवा प्रकाश डोळ्याला तेजस्वी वाटतो, निळा मंद वाटतो आणि अवरक्त प्रारण तर दिसतच नाही. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९२४ मध्ये प्रमाणित निरीक्षकाच्या डोळ्याची संवेदनशीलता दर्शविणारा वक्र निश्चित केला. तो ‘व्ही-लॅम्डा वक्र’ या नावाने ओळखला जातो. ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीला त्याचे मूल्य १ आहे. ६५० नॅनोमीटरला ते सुमारे ०.१०७, तर ४५० नॅनोमीटरला अवघे ०.०३८ आहे. १९७९ मध्ये कँडेलाची नवी व्याख्या झाली. तिच्यानुसार ५४० × १०^१२ हर्ट्झ वारंवारतेच्या, म्हणजे सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, एक वॅट प्रारणास ६८३ ल्युमेन मानले गेले. २०१९ मधील एकक-सुधारणेत व्याख्येची शब्दयोजना बदलली, परंतु हे मूल्य कायम राहिले.

येथे एक मार्मिक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९२४ चा वक्र निळ्या-जांभळ्या टोकाकडे डोळ्याची संवेदनशीलता वास्तवापेक्षा कमी दाखवतो, हे पुढे स्पष्ट झाले आणि जड या शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये त्यात दुरुस्ती सुचवली. तरीही व्यवहारातील प्रकाशमापन आजही मूळ वक्रालाच धरून चालते. प्रकाशमापीची रचना करणाऱ्यास एखाद्या विशिष्ट व्यक्तीच्या डोळ्याचे अनुकरण करावयाचे नसून एका सर्वसंमत, काहीशा सदोष अशा ‘कागदावरील डोळ्याचे’ अनुकरण करावयाचे असते. मापनात सर्वांचे एकमत होणे हे कधी कधी सूक्ष्म सत्याइतकेच महत्त्वाचे ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

३. डोळ्याकडून संवेदकाकडे

डोळा ‘किती’ हे सांगू शकत नसला तरी ‘समान आहे की नाही’ हे सांगू शकतो, या एका निरीक्षणावर जुने प्रकाशमापन उभे होते. फ्रान्समधील पिएर बूगेर यांनी १७२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच मार्गाचा अवलंब केला. सूर्य व चंद्र यांच्या प्रकाशाची मेणबत्तीच्या प्रकाशाशी तुलना करून सूर्यप्रकाश हा पूर्ण चंद्राच्या प्रकाशाच्या सुमारे तीन लाख पट असल्याचे त्यांनी काढले. आजचे मूल्य सुमारे चार लाख पट आहे. १७६० मध्ये योहान लँबर्ट यांच्या ‘फोटोमेट्रिया’ या ग्रंथाने या शास्त्राला गणिती बैठक दिली. पुढे बुन्सेन यांचा तेलकट डागाचा प्रकाशमापी आणि १८८९ चा लुमर-ब्रोडहुन प्रकाशमापी या उपकरणांनी तुलना अधिकाधिक सूक्ष्म केली. अशा उपकरणात दोन दिव्यांमधील अंतर बदलत नेऊन दोन्ही बाजू सारख्या उजळ दिसू लागल्या की व्यस्तवर्ग नियमाने तीव्रतांचे गुणोत्तर मिळत असे.

या पद्धतीत दोन दोष होते. दोन्ही दिव्यांचे रंग भिन्न असतील तर ‘समान’ कशाला म्हणावे, याविषयी निरीक्षकांत मतभेद होत. शिवाय निरीक्षक थकत असे. विसाव्या शतकात सेलेनियम प्रकाशघटाने व नंतर सिलिकॉन फोटोडायोडने निरीक्षकाची जागा घेतली. परंतु डोळा काढून टाकल्यावर त्याचे गुणधर्म उपकरणात परत आणणे भाग पडले. आधुनिक प्रकाशमापीची बरीचशी रचना या एका गरजेतून निर्माण झाली आहे.

४. प्रकाशमापी शीर्षाची रचना

लक्समीटरचा जो भाग प्रकाशासमोर धरला जातो त्यास प्रकाशमापी शीर्ष म्हणता येईल. त्यात बाहेरून आत अनुक्रमे विसारक, फिल्टर आणि फोटोडायोड हे तीन घटक असतात.

४.१ फोटोडायोड व विवर्धक. सिलिकॉन फोटोडायोडवर पडणारा प्रकाश आणि त्यातून मिळणारा विद्युतप्रवाह यांचे प्रमाण अतिशय विस्तृत पल्ल्यात एकरेषीय राहते. हा त्याचा मोठा गुण होय. एक लक्स प्रदीपन ५५५ नॅनोमीटरच्या एकरंगी प्रकाशाने मिळाले असे मानल्यास एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर सुमारे ०.१५ मायक्रोवॅट इतकी शक्ती पडते. या तरंगलांबीस डायोडची संवेदनशीलता सुमारे ०.३ अँपिअर प्रति वॅट धरली तर सुमारे ४४ नॅनोअँपिअर प्रवाह मिळतो; फिल्टरमधील शोषणामुळे तो प्रत्यक्षात आणखी कमी होतो. चांदण्यापासून उन्हापर्यंत मोजावयाचे तर हा प्रवाह काही नॅनोअँपिअरपासून काही मिलिअँपिअरपर्यंत बदलणार. त्यासाठी डायोडच्या टोकांमधील विभवांतर जवळजवळ शून्य ठेवून प्रवाहाचे व्होल्टतेत रूपांतर करणारा विवर्धक वापरतात व निरनिराळ्या पल्ल्यांसाठी निरनिराळे रोधक जोडतात. डायोडवर व्होल्टता न ठेवल्यामुळे अंधारात वाहणारा अवांछित प्रवाह नगण्य राहतो आणि एकरेषीयता टिकते.

४.२ फिल्टर. सिलिकॉनची संवेदनशीलता डोळ्याशी मुळीच जुळत नाही. ती अवरक्त भागात ९०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असून ११०० नॅनोमीटरपर्यंत पसरलेली असते. उघड्या डायोडने तंतूचा दिवा मोजल्यास मिळणाऱ्या आकड्यात न दिसणाऱ्या प्रारणाचाच वाटा मोठा राहील. म्हणून डायोडसमोर रंगीत काचांचे अनेक पातळ थर एकावर एक चिकटवून असा फिल्टर तयार करतात की फिल्टरची पारगम्यता आणि डायोडची संवेदनशीलता यांचा गुणाकार व्ही-लॅम्डा वक्रासारखा यावा.

‘सारखा’ म्हणजे किती सारखा, यावर उपकरणाचा दर्जा आणि किंमत ठरते. वक्राच्या दोन्ही टोकांना मूळ मूल्येच लहान असल्याने तेथील अल्प फरकही प्रमाणाने मोठा ठरतो. ४५० नॅनोमीटरला ०.०३८ ऐवजी ०.०५० इतकी संवेदनशीलता राहिली तर त्या तरंगलांबीच्या निळ्या एलईडीचे मापन सुमारे ३२ टक्क्यांनी जास्त येईल. पांढऱ्या एलईडीत निळ्या भागाचा ल्युमेनमधील वाटा लहान असल्याने एकूण चूक बरीच कमी होते, तथापि ती शून्य होत नाही. आणखी एक बाब अशी की प्रकाशमापीचे कॅलिब्रेशन परंपरेने २८५६ केल्विन रंगतापमानाच्या टंगस्टन दिव्यावर केले जाते. त्या दिव्याचा वर्णपट लाल बाजूकडे चढत जाणारा असतो. पांढऱ्या एलईडीच्या वर्णपटात मात्र ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळे शिखर आणि त्यापुढे फॉस्फरचा रुंद पिवळसर उंचवटा असतो. टंगस्टनवर जुळवलेले स्वस्त उपकरण एलईडीसमोर चुकण्याचे हे प्रमुख कारण होय. उत्तम प्रयोगशाळेत दोन्ही वर्णपट ठाऊक असल्याने या चुकीसाठी गणिताने दुरुस्ती करता येते.

४.३ विसारक. तिरप्या येणाऱ्या प्रकाशामुळे होणारे प्रदीपन आपतन कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात घटते. ६० अंशांतून येणाऱ्या किरणांसाठी उपकरणाने सरळ किरणांच्या निम्मे, तर ८० अंशांसाठी सुमारे १७ टक्के मूल्य दाखवले पाहिजे. सपाट काच मात्र तिरपे किरण अधिक प्रमाणात परावर्तित करते व वाचन अपेक्षेपेक्षा कमी येते. यावर उपाय म्हणून दुधी विसारक किंचित उंच बसवतात. त्याच्या कडेवरून थोडा तिरपा प्रकाश आत येतो व तूट भरून निघते. परंतु यामुळे ९० अंशांवरही, जेथे वाचन शून्य हवे तेथे, काही प्रकाश शिरू लागतो. तो अडवण्यासाठी भोवती एक कडे उभारतात. एका दोषावरचा उपाय दुसरा दोष निर्माण करतो व त्याच्यासाठी तिसरा भाग जोडावा लागतो. प्रकाशीय उपकरणांच्या रचनेत हा क्रम वारंवार आढळतो.

५. समाकलक गोल

लक्समीटर एका ठिकाणचे प्रदीपन सांगतो. दिव्याने सर्व दिशांना दिलेला एकूण प्रवाह एकाच वाचनात मिळवण्यासाठी समाकलक गोल वापरतात. प्रयोगशाळेच्या बोलीत त्याला इंटिग्रेटिंग स्फिअर म्हणतात. या कल्पनेचा सैद्धांतिक पाया सम्पनर यांनी १८९२ मध्ये मांडला व जर्मनीतील रिचर्ड उलब्रिख्त यांनी १९०० मध्ये तिला प्रत्यक्ष उपकरणाचे रूप दिले.

गोलाच्या आतल्या बाजूस बेरियम सल्फेटसारख्या पदार्थाचा चकाकी नसलेला शुभ्र लेप असतो. त्यावर पडणारा प्रकाश आरशाप्रमाणे एका दिशेने न जाता सर्वत्र विखुरतो. गोलाच्या भूमितीचा एक सुंदर गुणधर्म असा की आतील कोणत्याही बिंदूवरून विखुरलेला प्रकाश उर्वरित पृष्ठभागावर सर्वत्र समान प्रमाणात पडतो. प्रकाश आत अनेकदा परावर्तित होत राहतो आणि दिव्याने तो मुळात कोणत्या दिशेने फेकला होता याची खूण पुसली जाते. भिंतीवरील एका छोट्या खिडकीतून दिसणारा प्रकाश मग केवळ एकूण प्रवाहावर अवलंबून राहतो. मात्र दिव्याचा थेट प्रकाश खिडकीवर पडता कामा नये. म्हणून दोहोंच्या मध्ये लहानसा आडपडदा ठेवतात.

अनेक परावर्तनांमुळे आतील प्रदीपन किती पटींनी वाढते हे पुढील सूत्राने मिळते :

ग = प ÷ [१ − प (१ − छ)]

येथे ‘प’ म्हणजे लेपाची परावर्तकता, ‘छ’ म्हणजे एकूण पृष्ठभागापैकी छिद्रांनी व्यापलेला अंश आणि ‘ग’ म्हणजे गुणक. छिद्रांचा अंश ०.०२ व परावर्तकता ०.९८ असल्यास गुणक सुमारे २४.७ येतो. दोन मीटर व्यासाच्या अशा गोलात १००० ल्युमेनचा दिवा लावल्यास भिंतीवर परावर्तित प्रकाशाचे सुमारे १९६५ लक्स प्रदीपन होईल.

आता धूळ बसून किंवा लेप जुना होऊन परावर्तकता ०.९८ वरून ०.९७ झाली असे मानू. गुणक १९.६ वर येतो. म्हणजेच लेपात अवघ्या एका टक्क्याची घट झाली असता वाचन सुमारे २० टक्क्यांनी घसरते. डोळ्यांना लेप पूर्वीइतकाच शुभ्र दिसत असतो! प्रकाश जितक्या वेळा भिंतीवर आदळतो तितक्या वेळा ती अल्पशी तूट पुन्हा वजा होते. अनेक परावर्तनांमुळे गोलाला जी शक्ती लाभते तीच त्याची दुर्बलताही आहे. लेप पिवळसर पडू लागल्यास ही घट निळ्या प्रकाशात अधिक होते व दिव्याचा रंगही चुकीचा मोजला जातो.

म्हणूनच गोलावरील वाचन कधीही निरपेक्ष मानले जात नाही. ज्याचा प्रवाह आधीच प्रमाणित झाला आहे असा दिवा प्रथम गोलात लावतात, नंतर त्याच जागी परीक्ष्य दिवा लावतात आणि दोन्ही वाचनांचे गुणोत्तर घेतात. या प्रतिस्थापन पद्धतीत लेपाची परावर्तकता गुणोत्तरातून बव्हंशी निघून जाते.

तरीही एक चूक उरते. परीक्ष्य दिवा स्वतः काही प्रकाश शोषतो. एलईडी दिव्याच्या उष्णताविसर्जक कवचाचा आकार व रंग प्रमाणित दिव्याहून भिन्न असल्यामुळे हे शोषण दोहोंसाठी सारखे नसते. ते मोजण्यासाठी गोलात एक साहाय्यक दिवा कायमचा बसवलेला असतो. उदाहरणार्थ, १००० ल्युमेनच्या प्रमाणित दिव्याचे वाचन २००० व परीक्ष्य दिव्याचे १८०० आले, तर प्रथमदर्शनी परीक्ष्य दिवा ९०० ल्युमेनचा ठरतो. यानंतर दोन्ही दिवे न पेटवता आळीपाळीने जागेवर ठेवून केवळ साहाय्यक दिवा लावला असता वाचने अनुक्रमे ५०० व ४८० आली. याचा अर्थ परीक्ष्य दिव्याच्या उपस्थितीत गोल ४ टक्के कमी दाखवतो. दुरुस्त प्रवाह ९०० ÷ ०.९६, म्हणजे ९३७.५ ल्युमेन होतो. दिवा १० वॅटचा असेल तर दुरुस्तीपूर्वी ९० आणि दुरुस्तीनंतर ९३.७५ ल्युमेन प्रति वॅट, असा फरक पडतो. ही पायरी गाळणाऱ्या प्रयोगशाळेकडून येथे उत्पादकावर अन्याय झाला असता. परीक्ष्य दिवा प्रमाणित दिव्याहून कमी शोषणारा असता तर तोच अन्याय ग्राहकावर झाला असता.

६. दिशा आणि वर्णपट : दोन पूरक उपकरणे

गोल दिशेची माहिती पुसून टाकतो. परंतु रस्त्यावरील किंवा सभागृहातील दिव्यांच्या मांडणीसाठी नेमकी तीच माहिती हवी असते. गोनिओफोटोमीटरमध्ये दिव्याभोवती संवेदक, आरसा किंवा स्वतः दिवा फिरवून प्रत्येक कोनातील तीव्रता नोंदवतात व घन कोनाने गुणून बेरीज केली असता एकूण प्रवाह मिळतो. येथे भूमितीचे भान आवश्यक असते. दिव्याच्या अक्षालगतचा ० ते १० अंशांचा पट्टा केवळ ०.०९५ स्टेरेडिअन घन कोन व्यापतो. ८० ते ९० अंशांचा पट्टा मात्र १.०९ स्टेरेडिअन, म्हणजे अकरा पटींहून अधिक. समोरून झगझगीत दिसणाऱ्या दिव्याच्या एकूण ल्युमेनविषयी केवळ समोरच्या तेजावरून काढलेला निष्कर्ष म्हणूनच फसवा ठरतो. तसेच व्यस्तवर्ग नियम बिंदुस्रोताला लागू होतो. तबकडीच्या आकाराच्या समविसारी स्रोतासाठी संवेदकाचे अंतर तिच्या व्यासाच्या पाचपट ठेवल्यास चूक सुमारे एक टक्का उरते. मोठ्या दिव्यांसाठी लांब, काळ्या भिंतींची खोली लागते ती यामुळेच. एलईडी दिव्याची स्थिती बदलली की त्याचे थंड होणे बदलते व त्याबरोबर प्रकाशही. सबब दिवा वापरातील स्थितीतच स्थिर ठेवून आरसा फिरवणारी रचना पसंत केली जाते.

स्पेक्ट्रोरेडिओमीटरमध्ये फिल्टरचा प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडवलेला असतो. जालकाच्या साह्याने प्रकाशाचे घटक रंगांत पृथक्करण करून प्रत्येक तरंगलांबीची शक्ती स्वतंत्रपणे मोजतात आणि व्ही-लॅम्डा वक्राने गुणण्याचे काम संगणकावर सोपवतात. काचेच्या थरांनी साधलेले अपूर्ण साम्य येथे नकोच असते. रंगतापमान व रंगदर्शन निर्देशांकही त्याच मापनातून मिळतात. मात्र येथेही नवा दोष उद्भवतो. उपकरणाच्या आत इतस्ततः विखुरलेला प्रकाश चुकीच्या तरंगलांबीच्या जागी नोंदला जातो. टंगस्टन दिव्याने कॅलिब्रेशन करताना निळ्या भागात मुळात प्रकाश कमी आणि लाल व अवरक्त भागात विपुल असल्याने हा दोष निळ्या भागात विशेष जाणवतो. उत्तम उपकरणात त्यासाठी दुहेरी जालक किंवा गणिती दुरुस्ती योजलेली असते.

७. मापनाच्या अटी

उपकरण निर्दोष असले तरी मापनाच्या अटी पाळल्या नाहीत तर आकडा निरर्थक होतो. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘एलएम-७९’ ही पद्धती आणि भारतीय मानक आयएस १६१०६ : २०१२ यांत एलईडी दिव्यांसाठी अशा अटी घालून दिल्या आहेत. दिव्याभोवतीच्या हवेचे तापमान २५ अंश सेल्सिअस ठेवणे ही त्यांतील प्रमुख अट होय. एलईडीची संधी तापत जाते तसा तिचा प्रकाश घटतो. म्हणून वाचन स्थिरावेपर्यंत, बहुधा अर्धा तास ते दोन तास, थांबावे लागते. दुकानाच्या गल्ल्यावर क्षणभर लावून दाखवलेला दिवा त्याच्या सर्वोत्तम अवस्थेत असतो, हे ग्राहकाने लक्षात ठेवावयास हवे.

याखेरीज ५० हर्ट्झच्या विद्युतपुरवठ्यावर अनेक दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. मापनाचा कालावधी या चक्रांच्या पूर्ण पटीत नसल्यास दर वेळी वेगळा आकडा मिळतो. व्होल्टता तारांच्या सुरुवातीस न मोजता प्रत्यक्ष दिव्याच्या टोकांपाशी मोजावी, ही सूचना साधी वाटली तरी ल्युमेन प्रति वॅट या गुणोत्तराच्या छेदातील चूक तिच्यामुळेच टळते.

८. आकडा आणि त्याची अनिश्चितता

प्रत्येक मापन एका साखळीच्या टोकाशी असते. प्रयोगशाळेतील प्रमाणित दिव्याचे मूल्य वरच्या दर्जाच्या प्रमाणकाशी आणि ते शेवटी राष्ट्रीय प्रमाणकाशी जोडलेले असते. भारतात हे राष्ट्रीय प्रमाणक नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. साखळीच्या प्रत्येक कडीत काही अनिश्चितता मिसळते.

उदाहरणादाखल प्रमाणित दिव्याची अनिश्चितता १.५ टक्के, वर्णपटाच्या विसंगतीची १ टक्का आणि गोलाची असमानता व विद्युतमापन यांची प्रत्येकी ०.५ टक्के मानू. हे घटक परस्परस्वतंत्र असल्याने त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. उत्तर सुमारे १.९ टक्के येते. सुमारे ९५ टक्के विश्वासपातळीसाठी ते दुप्पट केले असता ३.९ टक्के होतात. आधीच्या उदाहरणातील ९३७.५ ल्युमेन या आकड्याचा खरा अर्थ मग ‘९०१ ते ९७४ ल्युमेनच्या दरम्यान’ असा होतो. एखाद्या श्रेणीची सीमा ९२ ल्युमेन प्रति वॅट असती, तर १० वॅटचा हा दिवा तिच्या वर आहे की खाली, हे एका मापनावरून खात्रीने सांगता आले नसते. दोन प्रामाणिक प्रयोगशाळांचे निष्कर्ष सीमेच्या दोन बाजूंना पडू शकतात आणि तरीही दोघींपैकी एकीचीही चूक नसते. अनिश्चितता न सांगता दिलेला ‘९३७.५’ हा आकडा म्हणूनच अधिक अचूक नव्हे, तर कमी प्रामाणिक म्हटला पाहिजे.

९. महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या दृष्टीने

ही तत्त्वे शिकवण्यासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नाही. एकाच लक्समीटरने पुढील तीन तपासण्या विद्यार्थ्यांकडून करून घेता येतील. पहिली, लहान दिव्यापासूनचे अंतर बदलत जाऊन व्यस्तवर्ग नियम कोणत्या अंतरापासून पाळला जातो हे पाहणे. दुसरी, शीर्ष ० ते ८० अंशांतून वळवत वाचनांची कोज्येशी तुलना करणे. तिसरी, दिवा लावल्यापासून दर मिनिटाला वाचन घेऊन त्याचा आलेख काढणे. पहिल्या दोन तपासण्यांत उपकरणाच्या व मांडणीच्या मर्यादा उघड होतात आणि तिसरीत दिव्याच्या.

थर्माकोलचे दोन अर्धगोल आतून शुभ्र, चकाकीरहित रंगाने रंगवून साधा समाकलक गोलही तयार करता येतो. त्याची परावर्तकता ठाऊक नसल्याने त्यातून ल्युमेनचे निरपेक्ष मूल्य मिळणार नाही. परंतु एका परिचित दिव्याशी इतर दिव्यांची तुलना करता येईल. आतील भिंतीवर काळ्या कागदाचा लहानसा तुकडा चिकटवून वाचन किती घसरते हे पाहिल्यास कलम ५ मधील सूत्र कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक ठसेल. वर्गखोल्यांतील प्रदीपनाच्या सर्वेक्षणासारखे प्रकल्प भूगोल, गृहविज्ञान किंवा शिक्षणशास्त्र विभागही हाती घेतात. त्यांनी उपकरणाचे कॅलिब्रेशन केव्हा व कोणत्या प्रकारच्या दिव्यावर झाले याची नोंद अहवालात करावी. एवढ्यानेही निष्कर्षांची विश्वासार्हता वाढेल.

१०. समारोप

प्रकाशाला विद्युतप्रवाहात बदलणारा डायोड हा प्रकाशमापीचा सर्वांत सोपा भाग आहे. फिल्टर रंगाची चूक रोखतो, विसारक दिशेची, आडपडदा थेट प्रकाशाची, साहाय्यक दिवा शोषणाची आणि प्रमाणित दिवा खुद्द उपकरणाच्या जुनेपणाची. उपकरणाने स्वतःचा प्रभाव आकड्यातून जितका दूर ठेवावा तितका तो आकडा दिव्याविषयी अधिक बोलतो, आणि जेथे हा प्रभाव पूर्णपणे दूर ठेवता येत नाही तेथे अनिश्चितता सांगून तो मान्य केला जातो.

वेष्टनावरील ल्युमेनचा आकडा ग्राहक विश्वासावर स्वीकारतो. तो विश्वास सार्थ ठरण्यासाठी चांगली उपकरणे लागतात, तसेच लेपावरील धूळ वेळेवर ओळखणारे, दिवा स्थिरावेपर्यंत थांबणारे आणि दुरुस्तीची पायरी न गाळणारे मनुष्यबळही लागते. असे मनुष्यबळ घडवण्याची सुरुवात महाविद्यालयीन प्रयोगशाळेत, लक्समीटरवरील वाचन वहीत उतरवण्यापूर्वी ते का आले असावे असा प्रश्न विचारण्याच्या सवयीतून होते.